टी सेल, बी सेलचा शोध: कोंबडीची पिशवी आणि 'बिनकामाची' थायमस

कोविडनंतर टी सेल (इन्फेक्शनशी लढणाऱ्या पेशी) हा शब्द घरोघरी पोचला, एचआयव्हीच्या पेशंटांना सीडी फोर काउंट, म्हणजे एका प्रकारच्या टी सेलची मोजणी, त्याआधीपासून पाठ, पण 1960 पर्यंत डॉक्टरांना या पेशींचं काम काय हेच धड माहीत नव्हतं. रक्तात लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी दिसायच्या, त्या करतात काय ते कळत नव्हतं. आणि छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी तर बिनकामाचीच धरलेली, कारण मोठ्या प्राण्यात ती काढली तरी काही बिघडायचं नाही. त्याआधी तर 'थायमस मोठी आहे' म्हणून तान्ह्या बाळांना एक्सरेचे डोस दिले जायचे, त्यातल्या काहींना पुढे थायरॉइडचा कॅन्सर झाला. हे वाचून खरंच राग येतो.

पहिला धागा सापडला तो मात्र कोंबड्यांत. कोंबडीच्या मागच्या बाजूला, विष्ठेच्या वाटेजवळ एक छोटी पिशवी असते, पादुआच्या फॅब्रिशियसने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं वर्णन करून ठेवलेलं, म्हणून तिला बर्सा ऑफ फॅब्रिशियस म्हणतात. ओहायोत ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी ही पिशवी काढून काय होतं बघत होता, आणि काही विशेष होत नव्हतं. मग टिमोथी चँग या मित्राला क्लासमध्ये अँटिबॉडी कशा तयार होतात ते दाखवायचं होतं, त्याने ग्लिककडच्या कोंबड्या घेतल्या, साल्मोनेला या जिवाणूचं इंजेक्शन दिलं, तर बऱ्याच कोंबड्यांत अँटिबॉडीच नाहीत! बघितलं तर त्या लहानपणीच पिशवी काढलेल्या निघाल्या. 'सायन्स'ने पेपर परत पाठवला, शेवटी 1956 साली तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापून आला, आता माणसांच्या इम्युनिटीवर काम करणारा कोण कशाला ते मासिक उघडतोय.

1961 साली लंडनमध्ये जाक मिलर उंदरांच्या ल्युकेमियावर (रक्ताच्या कॅन्सरवर) काम करत होता, त्यात थायमसचा हात किती ते बघत होता. ल्युकेमिया घडवणारा व्हायरस नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांनाच द्यावा लागायचा, म्हणून त्याने थायमसही जन्मतःच काढली. पिल्लं सुरुवातीला बरी होती, मग खंगून मरायला लागली, रक्तात लिम्फोसाइट अगदी कमी, आणि दुसऱ्या जातीच्या उंदराची कातडी लावली तर शरीर ती नाकारेचना, तिच्यावर केससुद्धा उगवले. म्हणजे दोन्हीकडे खरी गोम वयात होती, मोठेपणी अवयव काढला तर काही दिसत नाही कारण तोवर पेशी तयार होऊन शरीरभर पसरलेल्या असतात. तरीही नोबेल मिळवलेल्या पीटर मेडावर यांच्यासारख्या माणसालाही थायमसमधल्या लिम्फोसाइटना फार महत्त्व आहे हे पटलं नव्हतं.

1965 मध्ये मिनेसोटात मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी हे दोन धागे जोडले. कोंबडीच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची बर्सा किंवा थायमस काढायची, वर रेडिएशन देऊन आधीच्या पेशीही मारायच्या. बर्सा नाही तर अँटिबॉडी नाहीत, थायमस नाही तर परकी कातडी नाकारता येत नाही. दोन वेगळ्या फौजा हे तिथे पक्कं झालं, आणि 1968 मध्ये मिलर आणि त्याचा विद्यार्थी ग्रॅहम मिचेल यांनी दाखवलं की अँटिबॉडी बनवतात बी सेल (बर्सावरून बी), पण त्यांना टी सेलची (थायमसवरून टी) मदत लागते. माणसात बर्साच नाही, ते काम मुख्यतः बोन मॅरोकडे आहे हे कळायला आणखी काही वर्षं गेली. 2019 चं लास्कर अवॉर्ड (वैद्यकीय संशोधनातला मोठा पुरस्कार) कूपर आणि मिलर यांना मिळालं, ग्लिक दहा वर्षं आधीच गेले होते.