देऊळ समजली गेलेली मंडई : पोत्सुओलीच्या तीन खांबांची पार्श्वभूमी

नेपल्सच्या पश्चिमेला समुद्रकाठी पोत्सुओली हे गाव आहे. बंदरापासून चालत पाच मिनिटांवर, इमारतींच्या गराड्यात, रस्त्याच्या बरंच खाली एक मोठा प्राचीन चौक उघडा पडलेला दिसतो. बहुतेक लोक तो वरच्या कठड्याला टेकूनच पाहतात, आणि नजर आधी जाते ती तीन उंच खांबांवर. हिरवट पट्टे असलेल्या संगमरवराचे हे खांब प्रत्येकी १२ मीटरहून उंच आहेत. खालचे साधारण साडेतीन मीटर गुळगुळीत, त्यावरचा पावणेतीन मीटरचा पट्टा वाळवी लागलेल्या लाकडासारखा भोकाभोकांचा, आणि त्याच्या वर पुन्हा गुळगुळीत. हा मधला पट्टा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भांडणं त्याच्यावरूनच झाली.

पूर्वी या जागेला ‘तीन खांबांचा मळा’ म्हणत. खांबांची टोकं तेवढी मातीबाहेर होती. १७५० मध्ये नेपल्सचा बोर्बन राजा चार्ल्स याने इथे खोदकाम सुरू केलं. हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई उकरायला लावणारा राजा तो हाच. त्या काळच्या खोदकामात मूर्ती आणि देखणे दगड हाती लागले की बाकीच्याची फारशी फिकीर कोणी करत नसे. इथे सेरापिस या इजिप्शियन देवाची मूर्ती सापडली आणि जागेचं बारसं होऊन गेलं, ‘सेरापिसचं देऊळ’. चांगला संगमरवर उचलून नेला गेला, नाव मात्र मागे चिकटून राहिलं.

तसा तर्क अगदीच वेडगळ नव्हता. पुतेओली (पोत्सुओलीचं रोमन नाव) इथे सेरापिसचं देऊळ खरोखरच होतं. इसवी सनपूर्व १०५ मधल्या एका बांधकाम करारात त्याचा उल्लेख आहे. पण ही ती जागा नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी आराखडा नीट पाहिला आणि ही मंडई असल्याचं दाखवून दिलं. रोमन लोक अशा बाजाराला ‘माकेल्लुम’ म्हणत. मासे, मटण आणि खाण्यापिण्याचा चांगला माल मिळण्याची ही जागा. आजच्या इटालियनमध्ये कत्तलखान्याला ‘माचेल्लो’ म्हणतात, तो याच शब्दाचा वंशज.

हा बाजार पहिल्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. चौकोनी अंगण, भोवती ओळीने गाळे, काहींची तोंडं आत तर काहींची बाहेर रस्त्याकडे, मधोमध खांबांवर उभा गोल मंडप, आणि मागच्या कोपऱ्यांत सार्वजनिक शौचालयं. ‘देवळा’त इतकी दुकानं आणि शौचालयं कशाला, हा प्रश्न दीडशे वर्षं फारसा कोणाला सतावला नाही, याची मला गंमत वाटते.

मासळीबाजारावर एवढा संगमरवर उधळायची ऐपत कुठून आली? बंदरातून. ओस्तियाजवळ क्लॉडियस आणि ट्राजन या सम्राटांनी नवी बंदरं बांधेपर्यंत अलेक्झांड्रियाहून धान्य आणणारी मोठी गलबतं पुतेओलीलाच लागत. ती दिसू लागली की अख्खा गाव धक्क्यावर गोळा होई, असं रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने पत्रात लिहून ठेवलंय. त्याच वाटेने इजिप्तचे देवही आले. आणि अलेक्झांड्रियाच्या पलीकडे तांबडा समुद्र, त्यापलीकडे भडोच, आणि भडोचच्या मागे आपलं पैठण नि तेर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणचे अकीक आणि तेरचं कापड गाड्यांतून भडोचला येत असल्याची नोंद आहे. उलट दिशेने येणाऱ्या मालात दारूही होती, आणि तीत इटालियन दारूला अधिक मागणी होती. पॉम्पेईत १९३८ साली जी हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. नेपल्सच्या संग्रहालयात ती पाहता येते.

आता भोकांकडे वळू. ती पाडली खजुराच्या बियांसारख्या लांबट शिंपल्यांनी. हे जीव चुनखडी आणि संगमरवर पोखरून आत राहतात, पण फक्त समुद्राच्या पाण्यात. म्हणजे खांब कधीतरी सहा मीटरहून अधिक पाण्यात उभे होते. खालचा भाग गाळात गाडला गेल्याने वाचला, वरचा पाण्याबाहेर राहिला. मग समुद्र चढला की जमीन उतरली? १७८७ मध्ये ही जागा पाहून गेलेल्या जर्मन कवी गटेने पुढे तोडगा सुचवला की इथेच एक तळं साचलं असावं. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल १८२८ मध्ये आला आणि त्याने सरळ सांगितलं, जमीनच खाली गेली आणि पुन्हा वर आली, तीही इतकी सावकाश की खांब उभेच राहिले. १८३० मध्ये त्याच्या भूशास्त्रावरील ग्रंथाच्या पहिल्या खंडात मुखचित्र म्हणून हेच तीन खांब छापले गेले.

कारण पायाखाली आहे. पोत्सुओली हे कांपी फ्लेग्रेई या प्रचंड ज्वालामुखीच्या कढईसारख्या खळग्यातच वसलंय. आतल्या वायूंचा, तापलेल्या पाण्याचा आणि शिलारसाचा दाब वाढला की जमीन फुगते, ओसरला की बसते. १५३८ मध्ये शेजारीच उद्रेक झाला आणि आठवडाभरात एक नवा डोंगर उभा राहिला. त्याचं नाव तेच पडलं, मोंते नुओवो, म्हणजे नवा डोंगर. १९७० मध्ये गावातली सगळ्यात जुनी वस्ती रिकामी करावी लागली. १९८२ ते १९८४ या दोन वर्षांत जमीन जवळपास १.८ मीटर उचलली गेली आणि हजारो लोकांना घरं सोडावी लागली.

२००५ पासून जमीन पुन्हा वर येते आहे. मे २०२४ मध्ये ४.४ तीव्रतेचा धक्का बसला, मार्च २०२५ मध्ये ४.६ चा. मंडईच्या फरशीवर पूर्वी पाणी साचलेलं असे, जुन्या चित्रांत खांबांची प्रतिबिंबं त्यात दिसतात. आता फरशी कोरडी असते. शेजारच्या कोळ्यांच्या छोट्या बंदरात तळच वर आल्यामुळे होड्या चिखलात कलंडलेल्या दिसतात.