ताग्यांतून निघालेलं मासिक

इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांची बर्नार बुते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकारानं काढलेली दोन चित्रं प्रसिद्ध आहेत. १९२९ च्या चित्रात पांढरा टाय, काळा केप, पक्का पॅरिसचा थाट. काही वर्षांनंतरच्या दुसऱ्यात मराठी पोशाख, डोक्यावर होळकरी पगडी. महाराजांना कुठला कपडा कशावर हे सांगायला मासिकाची गरज नव्हती. गरज होती ती दुकानात जाऊन सूट घेणाऱ्या सामान्य माणसाला, आणि त्याआधी त्याला सूट विकणाऱ्याला.

१९३१ मध्ये अमेरिकेत ‘अपॅरल आर्ट्स’ हे नियतकालिक निघालं ते या विकणाऱ्यांसाठी. पानांवर कापडाचे खरे तुकडे चिकटवलेले असत. आपल्या इंदूरच्या एमटी क्लॉथ मार्केटात व्यापारी गिऱ्हाइकापुढे सँपलची वही उलगडतो, तसाच प्रकार. फक्त छपाई देखणी. दुकानात आलेली माणसंच ते अंक मागू लागली आणि त्यातून १९३३ मध्ये, ऐन मंदीत, ‘एस्क्वायर’ आलं. किंमत ५० सेंट. पहिल्याच अंकात अमेरिकी लेखक हेमिंग्वेचा क्युबातल्या मासेमारीवरचा मजकूर होता. संपादक आर्नोल्ड गिंगरिच यांची ही चलाखी मला फार आवडते. कपड्यांची पानं निरखताना पुरुषाला संकोच वाटतो. शेजारी मासेमारी असली की तो निर्धास्त!

त्या काळी फॅशनची पानं रंगवलेली असत. लॉरेन्स फेलोजची चित्रं पाहा: कोटाची पडण, पँटची मोरी, बुटाचा रंग, सगळं शिंप्याला दाखवून ‘असं शिवा’ म्हणता येईल इतकं नेमकं. सोबतचा मजकूरही शिकवणीसारखा असे: कापड कोणतं, प्रसंग कोणता, टाय कसला. पुढे महायुद्धात कापड वाचवायला अमेरिकी सरकारनं पँटची दुमडलेली मोरीसुद्धा बंद केली.

‘अपॅरल आर्ट्स’चं १९५७ मध्ये ‘जेंटलमेन्स क्वार्टर्ली’ झालं, मग नुसतं ‘जीक्यू’. १९७९ मध्ये ते काँदे नास्ट या प्रकाशन कंपनीकडे गेलं. १९८३ पासून संपादक आर्ट कूपर यांनी कपड्यांच्या जोडीला खेळ, राजकारण आणि दमदार लेखन आणलं, आणि मुखपृष्ठावर नट-खेळाडू ठाण मांडून बसले. इथे माझ्या मते मोठी गोष्ट हरवली. चित्राच्या जागी फोटो आला तो वाईट नव्हता, पण कोट कसा बसावा हे सांगणारा मजकूर आटला. उरली कंपनीची नावं आणि किमती.

भारतीय ‘जीक्यू’ २००८ मध्ये आलं, तोवर आपल्याकडे रेडीमेडचा जोर वाढला होता. तरी लग्नसराई आली की त्याच्या पानांवर बंदगळा आणि शेरवानी दिसतातच, आणि त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन नवरदेव शेवटी शिंप्याकडेच जातो. खांदा कसा बसवायचा, ते तोच सांगतो.