फेदोतोव्ह, ग्रिगोरी इवानोविच
(२९ मार्च १९१६ – ८ डिसेंबर १९५७). सोव्हिएत फुटबॉलपटू; आघाडीच्या फळीत खेळणारे. मॉस्कोच्या 'मेतालुर्ग' आणि 'त्सेदेका' (लाल सेनेच्या मध्यवर्ती भवनाचा संघ, आजचा सीएसकेए) या संघांकडून ते खेळले. सोव्हिएत लीगमध्ये शंभर गोलांचा टप्पा गाठणारे ते पहिले खेळाडू. रशियाबाहेर त्यांचे नाव फारसे ऐकू येत नाही. त्यांच्या ऐन भराच्या काळात सोव्हिएत संघाला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामने खेळायलाच मिळत नव्हते, हे त्याचे मुख्य कारण. सोव्हिएत फुटबॉल संघटना फिफाची सदस्य झाली १९४६ मध्ये, आणि संघ पहिल्या मोठ्या स्पर्धेत, म्हणजे हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये, उतरला १९५२ मध्ये. फेदोतोव्ह १९४९ मध्येच थांबले होते. त्यामुळे त्यांची योग्यता मोजायची तर ती देशांतर्गत लीगवरूनच मोजावी लागते.

त्यांचा जन्म मॉस्कोच्या पूर्वेकडील ग्लुखोवो या गिरणी-वस्तीत झाला. मोरोझोव्ह घराण्याच्या कापडगिरण्यांमुळे वाढलेली ही वस्ती आता नोगिन्स्क शहरात सामावली आहे. रशियात फुटबॉल मुळात अशाच गिरण्यांच्या आवारांत रुजला. १९३४ मध्ये ते मॉस्कोतील 'सेर्प इ मोलोत' या पोलाद कारखान्याच्या संघात आले. हाच संघ पुढे 'मेतालुर्ग' म्हणून ओळखला गेला. १९३७ मध्ये तेथे प्रशिक्षक म्हणून बोरीस आर्कादियेव्ह आले. तलवारबाजी शिकवणारा, डावपेचांचा बारकाईने विचार करणारा हा माणूस फेदोतोव्हच्या कारकिर्दीत पुढे आणखी एकदा आला, आणि ती दुसरी गाठ अधिक महत्त्वाची ठरली.

१९३८ मध्ये फेदोतोव्ह लाल सेनेत भरती झाले आणि त्यामुळे आपोआपच सेनेच्या संघात गेले. खेळाडू मिळवण्याची त्सेदेकाची ही नेहमीची वाट होती. आदल्या वर्षी हा संघ वरच्या गटात तळाला होता. १९३८ मध्ये लीग २६ संघांची झाली आणि त्सेदेकाने थेट दुसरे स्थान पटकावले. एवढी मोठी झेप एका खेळाडूच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे होईल, पण गोल करणारा भरवशाचा माणूस संघाला मिळाला होता हे खरे. १९३९ मध्ये २१ गोल करून ते लीगमधील सर्वाधिक गोल करणारे ठरले. १९४० मध्येही त्यांचे गोल २१ च होते. त्या वर्षी मॉस्को डायनामोच्या सेर्गेई सोलोव्योव्ह यांनी त्यांच्याशी बरोबरी केली.

त्यांची ओळख होती ती हवेतला चेंडू खाली पडू न देता, कडेला झुकत मारलेल्या फटक्याची. कमरेच्या उंचीवर येणाऱ्या चेंडूवर सरळ उभे राहून फटका मारला, तर पाय चेंडूच्या खालच्या भागावर लागतो आणि चेंडू आडव्या खांबावरून निघून जातो. शरीर मागे झुकले तर हे हमखास घडते. फेदोतोव्ह टेकलेल्या पायाच्या बाजूला संपूर्ण अंग झुकवत. त्यामुळे मारणारा पाय जमिनीला जवळजवळ समांतर फिरे आणि पावलाची वरची बाजू चेंडूच्या मध्यावर किंवा किंचित वर बसे. चेंडू सपाट आणि खालून जाई. फटका पुरा होताना शरीराचा तोल जाई आणि ते कडेवर पडत. हे पडणे क्रियेचा भाग होते. तोल सावरायचा प्रयत्न केला की फटका अर्धवट राहतो. त्या काळचा चेंडू चामड्याचा, वादीने शिवलेला असे. नियमाप्रमाणे सामन्याच्या सुरुवातीला त्याचे वजन १४ ते १६ औंस, म्हणजे सुमारे ३९६ ते ४५३ ग्रॅम असे. पावसात तो पाणी पिऊन जड होई. असा चेंडू आधी पायाखाली घेऊन मग मारायचा म्हटले, तर तेवढ्या वेळात बचावपटू अंगावर येतो. फेदोतोव्ह तो वेळच वाचवत, आणि म्हणून गोलरक्षकाला फटक्याची पूर्वसूचना मिळत नसे.

याची किंमत खांद्याने मोजली. त्यांचा खांदा एकदा निखळला आणि पुढे वारंवार निखळू लागला. हात अंगाशी पट्टीने बांधून ते सामने खेळत. हात मोकळा नसेल तर धावताना तोल राखणे आणि अंगावर येणाऱ्या बचावपटूला दूर ठेवणे या दोन्ही गोष्टी अवघड होतात. ज्याचा मुख्य फटकाच पडून संपतो, त्याला तर प्रत्येक गोलाच्या संधीत पुन्हा दुखापतीचा धोका. युद्धानंतरच्या हंगामांत ते अनेक सामन्यांना मुकले ते दुखापतींमुळेच. युद्धाने त्यांची पंचविशी ते एकोणतिशीची वर्षेही खाल्ली: १९४१ चा हंगाम अर्धवट सुटला आणि देशव्यापी लीग पुन्हा सुरू झाली ती १९४५ मध्ये.

आर्कादियेव्ह १९४४ मध्ये त्सेदेकात आले आणि १९४५ मध्ये व्सेवोलोद बोब्रोव्ह हा तरुण संघात दाखल झाला. त्याने पहिल्याच हंगामात २४ गोल केले. दोघेही मधोमध खेळणारे. एकाला कडेला पाठवण्याऐवजी आर्कादियेव्ह यांनी दोघांनाही मध्यभागी ठेवले. सोव्हिएत फुटबॉलच्या इतिहासात हा 'दुहेरी मध्य' म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९२५ मध्ये ऑफसाइडचा (चेंडू पुढे दिला जाताना आक्रमक खेळाडू कितपत पुढे असावा याचा) नियम बदलला आणि आघाडीच्या खेळाडूपुढे तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी चालू लागले. त्यामुळे गोल करणे सोपे झाले. त्यावर उपाय म्हणून इंग्लंडमध्ये सेंटर-हाफला (मधल्या फळीतल्या मध्याच्या खेळाडूला) मागे ओढून तिसरा बचावपटू करण्यात आला. हीच 'डब्ल्यू-एम' रचना. सोव्हिएत संघांना तिचा दणका बसला १९३७ मध्ये. त्या उन्हाळ्यात स्पेनच्या बास्क प्रदेशातून आलेल्या संघाने मॉस्कोच्या लोकोमोटिव्हला ५–१ असे हरवले आणि संपूर्ण दौऱ्यात तो फक्त स्पार्टाककडून, ६–२ असा, हरला. त्यानंतर काही वर्षांत बहुतेक सोव्हिएत संघ तीन बचावपटूंवर आले. या रचनेत प्रत्येकाचा माणूस ठरलेला असतो: मधला बचावपटू सेंटर फॉरवर्डवर, कडेचे दोघे विंगरांवर (कडेने खेळणाऱ्या आक्रमकांवर), आणि मधल्या फळीतले दोन हाफ हे दोन इनसाइड फॉरवर्डवर, म्हणजे सेंटर फॉरवर्ड आणि विंगर यांच्या मधल्या आक्रमकांवर.

फेदोतोव्ह आणि बोब्रोव्ह दोघेही टोकाला उभे राहिले की हा हिशेब बिघडे. मधला बचावपटू एक आणि त्याच्यापुढे माणसे दोन. हाफने बोब्रोव्हच्या मागे खोल जायचे ठरवले, तर मधल्या फळीत मोकळी जागा पडे. न जायचे ठरवले, तर बोब्रोव्ह मोकळा. फेदोतोव्ह बहुधा मागे किंवा कडेकडे सरकत आणि बचावपटूला सोबत ओढून नेत. त्या रिकाम्या जागेत बोब्रोव्ह वेगाने घुसे. गोलांची यादी पाहणाऱ्याला ही हालचाल दिसत नाही, आणि युद्धोत्तर फेदोतोव्हचे खरे मोल याच हालचालीत आहे. उजवीकडून अलेक्सेई ग्रिनिन, डावीकडून व्लादिमीर द्योमिन आणि मागे राहून खेळ जोडणारे वालेन्तिन निकोलायेव्ह अशी ही पाच जणांची फळी होती.

ही योजना फुकट चालत नाही. दोघे वर राहिले की मधल्या फळीत एक माणूस कमी पडतो, आणि तो भार निकोलायेव्ह यांच्यावर येई; त्यांना आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे धावावे लागे. तेथे दमछाक झाली की प्रतिस्पर्धी हाफला चेंडू घेऊन पुढे येण्यास मोकळे रान मिळे. दुसरा धोका म्हणजे दोघांनीही एकाच जागेकडे धाव घेणे. तसे झाले की एकटा बचावपटू दोघांनाही अडवू शकतो आणि दुहेरी मध्याचा काहीच फायदा उरत नाही. म्हणून एक सरकला की दुसऱ्याने थांबायचे, हे कायम पाळावे लागे.

त्सेदेकाने १९४५ मध्ये सोव्हिएत चषक जिंकला. १९४६, १९४७ आणि १९४८ अशी सलग तीन वर्षे लीग, आणि १९४८ मध्ये लीगबरोबर चषकही. यांतले १९४७ चे विजेतेपद अंकगणितावर ठरले. त्सेदेका आणि डायनामो दोघांचेही ४० गुण झाले आणि केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागून निर्णय करायचा होता. डायनामोचे गोल ५७ विरुद्ध १५, म्हणजे गुणोत्तर ३.८. स्टालिनग्राडला 'त्राक्तोर' संघाविरुद्धच्या शेवटच्या सामन्यापूर्वी त्सेदेकाचे गोल ५६ विरुद्ध १६ होते. ४–० ने जिंकून भागत नव्हते (३.७५), ५–० हवेच होते. एक गोल खाल्ला असता, तर नऊ मारावे लागले असते. सामना बरोबर ५–० संपला आणि ३.८१२५ या गुणोत्तराने विजेतेपद आले.

१९४९ च्या हंगामानंतर फेदोतोव्ह यांनी खेळणे थांबवले आणि ते त्याच संघाच्या प्रशिक्षकवर्गात गेले. १९५२ मध्ये हेलसिंकीत सोव्हिएत राष्ट्रीय संघ युगोस्लाव्हियाकडून हरला. त्याचे प्रशिक्षक आर्कादियेव्हच होते, आणि शिक्षा म्हणून त्सेदेका संघच बरखास्त करण्यात आला. आर्कादियेव्ह यांचा सन्माननीय किताबही काढून घेतला गेला. १९५४ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला. फेदोतोव्ह १९५७ च्या डिसेंबरात, अवघ्या ४१ व्या वर्षी, मॉस्कोत वारले.

पुढच्याच वर्षीपासून हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्या संघाला त्यांच्या नावाचे पारितोषिक देण्यात येऊ लागले. १९६७ मध्ये 'फुटबॉल' साप्ताहिकाने आकडेतज्ज्ञ कोन्स्तान्तीन येसेनिन यांच्या पुढाकाराने 'ग्रिगोरी फेदोतोव्ह क्लब' सुरू केला. ही प्रत्यक्ष संस्था नव्हे. शंभर किंवा अधिक गोल करणाऱ्या खेळाडूंची ती यादी आहे. लीगच्या गोलांबरोबर चषक, राष्ट्रीय संघ आणि युरोपीय स्पर्धांतले गोलही तीत धरतात, म्हणून तिच्यातला आकडा लीगच्या आकड्याशी जुळवून पाहू नये. नंतरच्या काळातले सोव्हिएत आघाडीपटू ओलेग ब्लोखिन यांचे लीगमधील गोल २११ आहेत, पण क्लबच्या हिशेबात ३१९.

त्यांचे पुत्र व्लादिमीर (१९४३–२००९) हेही सीएसकेएचे आघाडीपटू होते. १९७० च्या डिसेंबरात ताश्कंद येथे लीगच्या विजेतेपदासाठी मॉस्को डायनामोशी झालेल्या निर्णायक सामन्यात सीएसकेए १–३ असा मागे असताना सामना ४–३ असा फिरला आणि शेवटचा गोल व्लादिमीर यांचा होता. मॉस्कोतील सीएसकेएच्या जुन्या मैदानाला ग्रिगोरी फेदोतोव्ह यांचे नाव होते. ते पाडल्यावर त्याच जागी बांधलेले नवे स्टेडियम २०१६ मध्ये खुले झाले.