जुना स्टेकिंग सेट जाम झालाय? हातोडी उचलण्याआधी हे वाचा

आमच्याकडून जुना स्टेकिंग सेट (घड्याळाचे बारीक भाग ठोकून बसवायचं अवजार, वर फ्रेममध्ये पंच म्हणजे ठोकायची सळई आणि खाली भोकांची गोल प्लेट) नेला की बऱ्याच जणांचा पहिला फोन हाच येतो, खालची गोल प्लेट फिरतच नाही, आता काय करू. घाबरू नका, केंड्रिक अँड डेव्हिसचा अमेरिकन इन्व्हर्टो असो की स्विस सेट, बहुतेक वेळा तो गंज नसतोच, वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेलं तेल वाळून डिंकासारखं घट्ट झालेलं असतं आणि ते सुटतं, फक्त घाई चालत नाही.

आधी प्लेट लॉक करणारा नट किंवा लिव्हर पूर्ण सैल आहे ना ते बघा, कधीकधी तेवढंच असतं. मग हेअर ड्रायरने फ्रेम कोमट करा, हात लावता येईल इतपतच. गॅसवर किंवा टॉर्चने अजिबात नको, कारण पंच आणि प्लेट हार्डन केलेल्या स्टीलच्या असतात, साधारण 200 अंशांच्या पुढे स्टील पिवळसर व्हायला लागतं आणि 300 च्या आसपास निळं पडतं, तोवर कडकपणा गेलेला असतो आणि तो परत येत नाही. ड्रायर बंद करून फ्रेम थंड झाली की प्लेटच्या कडेच्या फटीत गंज सोडवणारं पातळ तेल चार थेंब सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी रबरी हातमोजा घालून थोडं इकडे थोडं तिकडे असं हलवा, नाही हललं तर परत तेल, परत एक रात्र. पक्कड लावू नका, भोकात सळई घालून तर मुळीच फिरवू नका, कारण भोकांच्या कडा चेपल्या की सेट बाद. बॅलन्स स्टाफ (घड्याळाच्या बॅलन्स चाकाचा बारीक दांडा) रिव्हेट करताना, म्हणजे ठोकून पक्का बसवताना, पंच आणि भोक एका रेषेत असावेच लागतात, सगळी किंमत त्या अचूकपणाचीच आहे.

पंच अडकला असेल तर आधी भिंगातून खालचं टोक बघा. टोक ठोकून पसरलेलं असेल आणि तुम्ही वर ओढलंत तर आतल्या बोअरला (पंच सरकतो त्या भोकाला) ओरखडा जाणार, म्हणून ती उमटलेली कड बारीक ऑइल स्टोनने काढा आणि मगच फिरवत फिरवत वर घ्या.

सुटलं की पेट्रोल आणि जुना टूथब्रश, भोकांसाठी लाकडी टूथपिक. खिडक्या उघड्या, जवळ गॅस नाही, उदबत्तीसुद्धा नाही. पॉलिश पेपर प्लेटच्या बैठकीला किंवा बोअरला लावायचा नाही, मग थोडा काळा डाग राहिला तरी चालेल. व्हिनेगरात बुडवायचे व्हिडिओ बरेच फिरतात पण ते आम्हाला अजिबात पटत नाही, ॲसिड गंजाबरोबर चांगलं स्टीलही खातं.

शेवटी शिलाई मशीनचं तेल, तेही कपड्याला लावून पुसल्यासारखं. खोबरेल नको, थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं. कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाच.

मग सेंटरिंग पंच (प्लेटचं भोक बरोबर खाली आणणारा टोकदार पंच) सोडून बघा, तो स्वतःच्या वजनाने खाली सरकला आणि प्लेट लॉक केल्यावरही छोट्या भोकात अडखळला नाही तर सेट कामाला तयार आहे. दोनतीन रात्री तेल घालूनही प्लेट हलली नाही तर जोर न लावता आहे तशी फ्रेम दुकानात आणून द्या, फक्त पंच वेगळे गुंडाळा.