समईची वाट

आमच्या घरी पूर्वी एक अमेरिकन मुलगा पेइंग गेस्ट होता. मराठी शिकायला पुण्यात आलेला, व्याकरण आमच्यापेक्षा पक्कं. एकदा तिन्हीसांजेला त्याने आईला अदबीने विचारलं, “काकू, समईची वाट लावू का?” आई म्हणाली, “नको रे बाबा, सासूबाईंची आहे!” त्याला ‘वात’ म्हणायचं होतं. दोन्ही शब्द सावकाश म्हणून दाखवले, तर तो म्हणे, तुम्ही एकच शब्द दोनदा म्हणताय.

गंमत म्हणजे, सहा महिन्यांचा असताना बहुधा त्याला हा फरक कळत असणार. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडातली इंग्रजीभाषक घरांतली बाळं घेतली आणि त्यांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. आवाज बदलला की बाजूच्या डब्यातलं खेळणं उजळून हलायचं. हे एकदा उमगलं की बाळ नुसत्या आवाजावरून तिकडे मान वळवायचं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेकांना ते जमलं. दहा-बारा महिन्यांच्यांना क्वचितच. हिंदी ऐकत वाढणाऱ्यांची जाण मात्र शाबूत होती.

कान बिघडत नाहीत. ज्या फरकाने आजूबाजूच्या बोलण्यात काहीच अडत नाही, तो मेंदू हळूहळू सोडून देतो.

माझ्या भाचीची मुलगी आठ महिन्यांची आहे. कोथरूडला त्यांच्याकडे गेलो की आजीचा हुकूम ऐकू येतो, “तिला चार घास चार गं!” पहिला च चिमणीतला, दुसरा चमच्यातला. लिपीत दोन्ही एकच, पण बाळाला कुठे वाचता येतं? तिच्या कानावर दोन वेगळे आवाजच पडतात. उच्चार पुढे सावकाश येतील. ‘कावळा’चा ‘कावला’ बराच काळ चालेल.

घास भरवताना समोर मोबाइलवर बडबडगीतं असतात. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना बारा बैठकांत चिनी मँडरिन ऐकवली. माणसाने समोर बसून गोष्टी सांगितल्या, खेळवलं, तेव्हा मँडरिनमधले आवाज त्यांना वेगळे ओळखता आले. तेच टीव्हीवर दाखवलं, तर शून्य.

हे मी भाचीला ऐकवलं. ती म्हणाली, “मामा, मोबाइल तिला शिकवायला नाही लावत. मला चहा गरम प्यायला मिळावा म्हणून लावते.”