पार्श्वभूमी : समुद्रातल्या ‘महत्त्वाच्या’ जागा कशा नोंदल्या गेल्या

सारगासो समुद्राला किनाराच नाही. उत्तर अटलांटिकात चार प्रवाहांच्या मधोमध तरंगणाऱ्या सोनेरी-तपकिरी शेवाळाचा तो मुलूख. डहाळी उचलून पाहिली तर तिला मिरीएवढे हवेचे फुगे. त्यांच्यावरच ती तरंगते. युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या नद्यांतले ईल मासे अंडी घालायला इतक्या लांब इथेच येतात. बर्म्युडाभोवतीचे पाणी सोडले तर बहुतेक भाग कुठल्याच देशाचा नाही. मग तो जपायचा कोणी?

जैवविविधता करार १९९२ साली रिओत झाला, पण किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपलीकडे त्याचा हात आखूडच पडतो. तेव्हा समुद्री जीवसृष्टीच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागा कोणत्या, एवढे तरी आधी पाहू, असा मार्ग निघाला. २००८ साली करारातल्या देशांच्या जर्मनीतल्या बॉन इथल्या परिषदेत सात शास्त्रीय निकष मान्य झाले: जागा एकमेव आहे का, पिल्लांच्या वाढीला ती लागते का, एकदा बिघडली तर सावरायला किती काळ जाईल, अशा धर्तीचे. मग प्रदेशवार कार्यशाळा भरल्या आणि पहिले अहवाल २०१२ साली आपल्या शेजारी, हैदराबादच्या परिषदेपुढे आले. सारगासो त्यांत होता.

गंमत एका शब्दाची आहे. या परिषदांच्या ठरावांत ही क्षेत्रे ‘घोषित’ होत नाहीत, त्यांचे ‘वर्णन’ होते. घोषणा म्हटली की हक्क कोणाचा, मासेमारी बंद होणार का, हे आलेच. वर्णन म्हटले की शास्त्रज्ञ मोकळे. उपाय देशांनी आणि संबंधित आंतरराष्ट्रीय संस्थांनी बघावेत. ही पळवाट वाटेल, पण माझ्या मते तिच्यामुळेच तीनशेहून अधिक जागा नोंदल्या गेल्या. बंगालच्या उपसागरातला ऑलिव्ह रिडले कासवांचा मार्गही त्यांत आहे. मात्र जुने वर्णन बदलायचे कसे, यावर वर्षानुवर्षे घोळ चालला. तो २०२४ साली कोलंबियातल्या काली शहरातल्या परिषदेत मिटला.

मालवणची गोष्ट नेमकी उलटी. तिथे १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य कायद्याने जाहीर झाले, पण मच्छीमारांचा विरोध पुढे अनेक वर्षे धुमसत राहिला.

खुल्या समुद्रासाठीचा करार २०२३ साली मंजूर झाला आणि जानेवारी २०२६ मध्ये अमलात आला. तिथे संरक्षित क्षेत्र आखण्याची वाट त्यात आहे. त्याच्या परिशिष्टातले निकष वाचताना बॉनच्या यादीतले बरेच शब्द पुन्हा भेटतात.