सातबारा आहे, मग हप्ता का नाही? पीएम किसान आणि नमो शेतकरीची पात्रता, कागदपत्रे, नोंदणी

हप्ता सुटला की दोन दिवस पारावर एकच प्रश्न असतो, "तुझे आले का?" ज्यांचे येत नाहीत त्यांतले बरेच जण पात्र असतात; घोडे अडते ते नावात, फेरफारात नाहीतर बँकेत.

केंद्राच्या पीएम किसान योजनेतून वर्षाला ६,००० रुपये मिळतात, २,००० च्या तीन हप्त्यांत. २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० आहेत. नमोसाठी वेगळा अर्ज नसतो. पीएम किसानला पात्र ठरलेल्यांनाच तो मिळतो, म्हणून नमोचा फॉर्म भरून देतो सांगून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

सुरुवातीला दोन हेक्टरची अट होती. जून २०१९ पासून ती गेली. आता शेतजमीन स्वतःच्या नावावर हवी, एवढेच. बटाईने किंवा खंडाने कसणाऱ्याला या योजनेत जागा नाही, आणि हे मला आजही खटकते. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुले. दोघांच्या नावावर जमीन असली तरी लाभ एकालाच. सज्ञान मुलाच्या नावावर सातबारा असेल तर त्याचे कुटुंब मात्र वेगळे धरतात.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते १ फेब्रुवारी २०१९ या तारखेवर. त्यानंतर खरेदीने किंवा बक्षीसपत्राने नाव लागले असेल तर अर्ज नाकारला जातो. वडील वारले आणि वारसाने नाव चढले, तर चालते. म्हणून नुसता सातबारा पुरत नाही, फेरफारही जोडावा लागतो. नाव कधी आणि कशाने लागले, हे फेरफारच सांगतो. वारसनोंद रखडली असेल तर आधी तलाठ्याकडे जा, अर्ज मागाहून.

आयकर भरणारे, दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे, आजी-माजी आमदार-खासदार, नोंदणी करून व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए हे बाद. सरकारी नोकरही बाद, पण चतुर्थ श्रेणीवाले चालतात. पेन्शनची अटही त्यांना नाही. अपात्र असून पैसे घेतले तर वसुली होते.

सोबत सातबारा, आठ-अ, फेरफार, नवरा-बायको आणि मुलांची आधार कार्डे, पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल ठेवा. नव्या नोंदणीला अ‍ॅग्रिस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा) शेतकरी ओळख क्रमांकही लागतो, तो आधी काढून घ्या. नोंदणी पीएम किसानच्या पोर्टलवर स्वतः करता येते किंवा सीएससी केंद्रात, म्हणजे गावच्या सामान्य सेवा केंद्रात. व्हॉट्सअ‍ॅपवर 'पीएम किसान'ची एपीके फाइल (मोबाइलवर अ‍ॅप बसवणारी) आली तर ती उघडू नका. खाते साफ होते.

बँकेचा घोळ जरा नीट समजून घ्या. "माझे आधार लिंक आहे हो," असे सगळेच सांगतात. पण खात्याला आधार जोडलेले असणे वेगळे आणि ते डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे, नोंदलेले असणे वेगळे. पैसे आधारच्या नोंदीवरून जातात, आणि ही नोंद एका वेळी एकाच खात्याची असते. मध्येच कुठे मोबाइलवरून नवे खाते उघडताना डीबीटीला होकार दिला असेल, तर हप्ता तिकडे गेलेला असतो आणि आपण जुनेच पासबुक भरत बसतो. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचे आहे" असे स्पष्ट सांगा आणि अर्जाची पोच घ्या.

हप्ता आला नाही तर पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून स्थिती बघा. तिथे तीन ओळी असतात, लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडली का), ई-केवायसी (ओळखीची पडताळणी झाली का) आणि आधार-बँक सीडिंग (खाते आधारला जोडले का). पहिल्या ओळीपुढे 'नो' असेल तर सातबारा घेऊन तालुक्याला जा. दुसऱ्यापुढे असेल तर ओटीपीने, केंद्रात अंगठा देऊन किंवा अ‍ॅपवर चेहरा दाखवून घरीच काम होते. तिसऱ्यासाठी बँक गाठा. तिन्ही 'येस' असूनही पैसे नसतील तर १५५२६१ वर फोन करा. नोंदणी क्रमांक हाताशी ठेवा.